कचरा समजून उचललेला राब

राजूरजवळच्या एका वाडीत मी परदेशी स्वयंसेवकांकडून एका म्हातारीचा राब कचरा समजून कोरड्या ओढ्यात फेकवला. राब म्हणजे वाफ्यावर पसरलेला पाला, काटक्या आणि शेण. तो पावसाआधी जाळतात आणि त्या राखेत भाताचं बी पेरतात. मी पडलो पारनेरचा बाजरीवाला. पण दुभाष्या म्हणून मिरवत होतो. घरी स्वतःची ताटली न विसळणारी ती मंडळी हातमोजे घालून आमचा उद्धार करायला आलेली. वाफ्यावर हे काय, असं त्यांनी विचारलं, मी बेधडक "कचराच" म्हणालो. वाफा लख्ख झाल्यावर उद्धारकर्त्यांनी त्यावर उभं राहून फोटो काढले. मधोमध मी.

तेवढ्यात म्हातारी आली. "आरं, डोक्यावर वाहून आनलेला पाला कुटं गेला? आभाळ भरून आलंय, आता बी टाकू कशात?"

पाहुण्यांना वाटलं, आभार मानतेय. त्यांनी हसून हात जोडले. मी खरं सांगितल्यावर मात्र ते मुकाट्याने ओढ्यातून पाला परत आणू लागले. मी बांधावरून सूचना देत होतो.

म्हातारी म्हणाली, "सायेब, त्यास्नी सांगा, जाताना तुमाला बी घिऊन जावा."