लांडगीची दोन बाळं

"अहो, बाळं कुठं गेली? दोन बाळं होती इथं!"

समोरच्या खोलीतले कारकून हातातलं नाणं नाचवत गॅलरीत असे ओरडले, की निम्म्या गिरगावातल्या आयांनी आपापली पोरं मोजली. मी मात्र शांतपणे दात कोरत उभा होतो.

बाळं होती नाण्यावरची. गोदीतल्या त्यांच्या कचेरीत कुणा खलाशानं त्यांना ते जुनं रोमन काशाचं नाणं दिलेलं. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली रोमची देवी. दुसरीकडे लांडगी, वर दोन तारे, खाली तिला लुचणारी दोन बाळं. कोटाच्या बटणाएवढा तुकडा, पण अंगावर शेवाळासारखी हिरवी पुटं, आणि त्या हिरव्यातच ती बाळं उठून दिसत.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. मोर्च्यात मी कपाळावर लाठी खाऊन आलो होतो. खरं तर लाठी पुढच्याला बसली आणि तो माझ्यावर पडला. पण टेंगूळ माझंच होतं, आणि चांगलं नारळाएवढं. वाटलं, बघायला चाळ लोटेल. लोटली, पण समोर! सभेत घसा फोडून आलेली माणसं चपला काढून रांगेनं लांडगी बघत होती. "पाजतेय हो, अगदी आपल्या गाईसारखी!" माझी आई, सख्खी आई, माझ्या कपाळाला हळद लावायची सोडून दोनदा तिकडे जाऊन आली.

दसऱ्याआधी घरात पूजेची भांडी घासायला निघाली, तसा मी समोर गेलो. म्हटलं, "देवी आहे ना ही? मग अशी कळकट का? द्या, आमच्या देवांबरोबर घासून देतो."

भले गृहस्थ, दिलं त्यांनी. मी चिंच लावली, राख लावली, वर विटेची पूड. उभ्या जन्मात आईनं समईला लावला नसेल एवढा जोर त्या लांडगीला लावला. नाणं सोन्यासारखं लखलखलं. पुटं गेली, त्यांच्याबरोबर बाळं गेली, आणि लांडगीचं घासून घासून मुंगूस झालं.

"चकाकतंय की छान!" मी गॅलरीत म्हणालो. कुणी हसलं नाही. एकेक जण आपापल्या खोलीत गेला. माझ्याकडे कुणीच आलं नाही.

संध्याकाळी राहवेना, तेव्हा त्यांच्याकडे गेलो. एकटेच बसले होते.

"मुद्दाम घासलं मी," म्हटलं. "जळफळाट झाला होता माझा."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "बसा. लाठी कुठं लागली, सांगा."