दाजींनी दिलेलं माप

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, तीस वर्षं एकाच तबेल्यात घोड्यांची देखभाल करतायत. घोड्यांशी तासन्‌तास बोलतील, माणसांशी बोलायचं म्हटलं की जिवावर येतं. नव्या मॅनेजरनं फर्मान काढलं, खोगिरं जमिनीवर ओल धरतात, शनिवारपर्यंत सगळी भिंतीवर हवीत, आणि ज्याला चढवायला जमत नाही त्यानं घरी बसावं. शेवटचं वाक्य दाजींकडे बघून. ताईकडून हे कळलं आणि माझं डोकंच फिरलं. मी सुतार. हत्यारं उचलली नि गेलो.

काम तसं सोपं, सहा खोगिरांचे सहा स्टँड. भिंतीवर लाकडी पट्टी, तिच्यातून पुढे आलेल्या दोन उतरत्या फळ्या, छपरासारख्या. "वर मधे फट सोड," दाजी म्हणाले. "मधोमध भार आला की खोगीर बिघडतं, मग घोड्याच्या पाठीला जखमा." सोडली फट. उंचीसाठी म्हटलं, सहज पोचेल तिथं हात धरा. त्यांनी खांद्याएवढा धरला. मी पेन्सिलीनं खूण केली, सहाही स्टँड ठोकले आणि ऐटीत घरी आलो.

शुक्रवारी डोकावलो तर स्टँड रिकामे, खोगिरं खाली.

"वॉर्निश वाळू दे म्हटलं," दाजी म्हणाले.

मी वॉर्निश लावलंच नव्हतं.

"एक चढवा बघू माझ्यासमोर."

डावा हात वर गेला, उजवा पोटाशीच अडकला आणि खोगीर कलंडून छातीवर आलं. मापाला त्यांनी चांगला हात दिला होता. दोन वर्षांपूर्वी घोड्यानं भिंतीशी दाबलेला खांदा बरा झाला, असं ताईलाही सांगून ठेवलेलं. असा संताप आला मला. पण त्यांची मान खाली गेलेली बघून शब्द गिळले. "आता उजवा धरा," एवढंच म्हटलं. तो बेंबीच्या वर जाईना. तिथं खूण केली आणि सगळं उचकटून पुन्हा ठोकलं. भिंतीची पार चाळण झाली.

शनिवारी मॅनेजर आला. "इतकं खाली? आणि ही भोकं कसली?"

दाजींचा चेहरा उतरला. ते तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हटलं, "माझं माप चुकलं साहेब." खोटं कशाला सांगू, फार जड गेलं ते. धंद्यात नाव आहे माझं.

"नवशिके कुठले," तो म्हणाला. "हं, चढवा आता."

दाजींनी दोन्ही हातांनी खोगीर उचललं नि बसवलं. मग दुसरं. सहाही. मॅनेजर "ठीक आहे, चालू द्या" म्हणून निघून गेला.

दाजींनी शेवटच्या खोगिराचा पट्टा सरळ केला. मग म्हणाले, "तुझ्या ताईला आज सांगतो खांद्याचं."