राग माझा आजार न्हाई

"उचल," शाळेचा संस्थाचालक म्हणला आणि त्यानं माझी मान खाली दाबली.

फरशीवर माझ्या डिप्रेशनच्या गोळ्या. त्यानंच माझी पर्स उलटी झटकली होती, गोळ्यांचं पाकीट बुटाच्या टाचेखाली रगडलं होतं. शिक्षकांची खोली भरलेली. मानवतजवळच्या त्या शाळेत बौद्धाची बाई मी एकटीच.

"तुमच्यात डोकं नसतंच. हिच्यात होतं, तर तेबी सडलं."

कुणीतरी हसलं. मी उचलल्या. एकेक.

घरी येऊन औषध बंद केलं. लाजंनं. महिन्याभरात अंथरूण सुटंना. ताट तसंच सरकवायचे. वेणी घालायलाबी हात उठंना. आई रोज उशाशी बसायची. एक दिवस तिनं दंडाला धरून मला एसटीत घातलं, परभणीच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या परत सुरू केल्या. म्हणाल्या, "औषध तुम्हाला उभं करील. पण आत रुतलंय ते बोलल्याशिवाय निघणार नाही. दोन्ही लागेल."

दर बेस्तरवारी तिथल्याच समुपदेशक ताईंपुढं बसायचे. पहिल्या खेपा नुसती फरशी बघायचे. हळूहळू झोप लागायली, घास उतरायला, तशी वाचाबी फुटली.

ताईंनी इचारलं, "त्या दिवशी हात काय करत होते?"

"गोळ्या उचलायलते."

"आणि मन?"

"त्याचं नरडं दाबायलतं."

मी टेबलावर मुठी आपटल्या. बोटं सोलली. घसा फाटंस्तोर ओरडले. ताईंनी थांबवलं न्हाई. मग म्हणाल्या, "उदासी हा तुमचा आजार आहे. हा राग आजार नाही."

तीन महिन्यांनी शाळेत गेले. त्यानं शिक्षकांच्या खोलीच्या दारातच दंड धरला. "सुटली का गं येड्यांच्या दवाखान्यातून?"

मी असा हिसडा दिला की तो कपाटावर जाऊन आदळला.

"हात लावायचा न्हाई. जातीवरबी जायचं न्हाई."

तिथून थेट पोलीस ठाणं. ॲट्रॉसिटी नोंदवा, मी म्हणले. हवालदार टाळायलता. दिवस मावळंस्तोर मी बाकड्यावरून हलले न्हाई. नोंदवली.

आता त्याच्याकडून निरोप यायलेत. मागं घे. येडीची साक्ष कोर्टात कोण धरतंय?

धरावी लागंल. औषध चालू हाय. ताईंकडं जाणं चालू हाय. तारखेला मी उभी राहणार, त्याच्याकडं बोट करून सांगणार, ह्यानंच. पाया पडला तरी न्हाई सोडणार.