आठ परस पाणी

दोर मी तिसऱ्यांदा सोडला आणि तिसऱ्यांदा तो बेचाळीस फुटांच्या खुणेवर ढिला पडला. मी उभा होतो त्या कड्यापासून पाणी पस्तीस फूट खाली होतं. म्हणजे पाण्याची खोली फक्त सात फूट, आणि त्याखाली अखंड काळा दगड. दोन दिवसांनी यात्रेतल्या उड्यांच्या स्पर्धेत माणसं इथूनच सूर मारणार होती. माझं डोकंच फिरलं.

साल त्र्याण्णव-चौऱ्याण्णवचं असेल. मी इंदापूरला सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. गावाकडे आम्हाला रावसाहेब म्हणत. ही खाण कळसच्या पुढच्या एका वाडीजवळची. रस्त्याच्या कामाला दगड काढून खात्यानं ती तशीच सोडली आणि तिच्यात पाणी साचलं. जागा खात्याची, म्हणून यात्रा कमिटीला आमचं 'ना हरकत' पत्र हवं होतं. सकाळी साहेब म्हणाले होते, "जाऊन या आणि सही करून टाका. वरून फोन आलाय."

कमिटीचे अध्यक्ष बापूराव माझ्या शेजारीच होते. त्यांनी छापील पत्रक माझ्या नाकासमोर धरलं. 'छप्पन्न फूट खोल पाणी!'

"हे कुणी मोजलं?"

"आवो, समद्या गावाला म्हाईत हाय. आठ परस पाणी हाय हितं. नामदेवतात्यांनी सांगितलंय."

परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची, साधारण सात फूट. विहिरी खोदणारे याच मापात बोलतात. आठ साते छप्पन्न. कुणीतरी पाढा म्हटला आणि छापून मोकळा झाला. उचलली जीभ, लावली टाळ्याला!

"बरं, खाली कुणाला लागलं तर वर कसा काढणार?"

"दोर टाकू की."

"मान मोडलेला माणूस दोर धरतो काय?"

खाणीच्या तीन बाजू भिंतीसारख्या उभ्या. चौथ्या बाजूला ट्रक उतरायचे तो जुना उतार होता. पण त्याच्या तोंडाशी शेजारच्या शेतकऱ्यानं बाभळीच्या फांद्या रचून वाट बंद केलेली. ॲम्ब्युलन्स सोडाच, तिथून शेळीही गेली नसती.

तेवढ्यात हणमंत पुढं आला. पंचविशीचा, साखर कारखान्यात फिटर, आणि उड्या मारण्यात आसपासच्या गावांत नावाजलेला. स्पर्धेची पहिली उडी त्याचीच होती. सासरची माणसं खास बघायला येणार होती.

"रावसाहेब, ईस-पंचवीस इहिरींत उड्या मारल्यात म्या. तुमी कशाला भ्येताय?"

"या कड्यावरून किती मारल्यास?"

"हितनं न्हाय. तिकडं उताराकडनं मारल्यात, वाट बंद व्हायच्या आदी. हितनं परवाच मारनार."

"म्हणजे एकही नाही!" मी ओरडलोच.

मग नामदेवतात्यांना बोलावलं. उभा जन्म विहिरी खोदण्यात गेलेला म्हातारा. मी दोर त्यांच्या हातात दिला. त्यांनी दोन ठिकाणी सोडून बघितला आणि गुंडाळायला लागले.

"तात्या, आठ परस पाणी तुम्ही सांगितलंत?"

"पाणी?" तात्या भडकले. "पान्याचं मला कुनी इचारलंच न्हाय! खाण किती खोल, म्हनून इचारलं. मी काठापासनं आठ परस सांगितली. ती बी मधली. आमी माप काठापासनंच धरतो."

म्हणजे वरचा पस्तीस फूट कोरडा कडासुद्धा या गावानं पाण्यात मोजला होता. शिवाय खाण पायऱ्या पाडत खोल नेतात. कड्याखालची अशीच एक रुंद पायरी न फोडता राहिली होती आणि हिरव्या पाण्यात ती कुणाला दिसत नव्हती.

बापूरावांचा हेका तरी सुटेना. "दोर कपारीत अडाकला आसंल."

"मी बघून येतो," हणमंत म्हणाला. बाभळीतून वाट काढत उताराच्या पाण्यापर्यंत पोचायला त्याला वीस मिनिटं लागली. हातपाय रक्ताळले. तो पोहत कड्याखाली आला, बुडी मारली, दगडावर उभा राहिला आणि हात वर केला. वरून आम्हाला पाण्याबाहेर फक्त त्याची बोटं दिसली.

"एक परस," तात्या म्हणाले.

हणमंत परत आला तो तडक सायकल घेऊन निघून गेला.

संध्याकाळी ऑफिसात साहेबांनी हात पुढं केला. "पत्र?"

"देणार नाही. सात फूट पाणी आहे."

"अहो, मी वर काय सांगू? तिथं पत्रकं वाटून झालीत!"

"मग सही तुम्ही करा, साहेब. सहीच्या वर माझं मोजमाप तेवढं लिहा."

साहेबांनी पेनचं टोपण काढलं, माझा मोजमापाचा कागद वाचला आणि टोपण पुन्हा लावलं.

यात्रेच्या दिवशी बापूराव लाऊडस्पीकरवरून गरजले, "सरकारी अधिकाऱ्यांच्या आडमुठेपनामुळं उड्यांचा कार्यक्रम रद्द!" सात फुटांबद्दल अवाक्षर नाही. मी गर्दीतच उभा होतो. तळपायाची आग मस्तकात गेली. अजूनही आठवलं की जाते. उताराची वाट मोकळी करावी म्हणून मी नंतर तीन पत्रं लिहिली. माझी बदली झाली तेव्हा ती तिन्ही फाइलमध्ये होती आणि बाभळी जागच्या जागी.

हणमंत सासरच्या माणसांबरोबर माझ्यासमोरून गेला. माझ्याकडे बघितलंही नाही. चारचौघांत त्याचा मान गेला होता, पण मान शाबूत होती.

तेव्हापासून कुणी पाण्याची खोली सांगितली की मी दोनच गोष्टी विचारतो. कुठून मोजली? आणि वर यायची वाट कुठं आहे?