आमचं ॲप आणि त्यातली माणसं

धंदा उभा राहतो की नाही हे नंतर कळतं. किस्से मात्र पहिल्याच दिवसापासून जमायला लागतात. आमच्याकडे ॲपच्या आधी तेच तयार झाले!

ॲप म्हणजे ‘सोबत’. मुलं लांब असलेल्या म्हाताऱ्या माणसांबरोबर दवाखान्यात, बँकेत जायला माणूस द्यायचा. कल्पना माझी. माझा कॉलेजचा मित्र प्रशांत अंबरनाथचा. त्याने यासाठी चांगली नोकरी सोडली होती आणि त्याच्या आईने त्याला दिवाळीपर्यंत मुदत दिली होती.

ऑफिस उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, आहुजा अंकलच्या पडद्यांच्या दुकानाच्या माळ्यावर. प्रशांतने अंकलना कागदावर काढलेल्या ॲपच्या चाळीस स्क्रीन दाखवल्या. अंकल म्हणाले, “साईं, गिऱ्हाईक एक पण नाही, आणि चाळीस दरवाजे? पहले एक बंदा तो अंदर लाओ!”

प्रशांतने दोन दिवस ते कागद पुन्हा पुन्हा चाळले. तिसऱ्या दिवशी त्याने एकोणचाळीस स्क्रीन फाडल्या. उरला एक व्हॉट्सॲप नंबर. मेसेज आला की उत्तर जायचं, ‘सिस्टम आपल्यासाठी माणूस शोधत आहे.’

सिस्टम म्हणजे मी!

*

पहिल्या गिऱ्हाईक गायकवाड काकू, रिटायर्ड शिक्षिका. डोळे तपासायला जायचं होतं. मी घाईत टाईप केलं, ‘आपली वीनंती मिळाली.’

लगेच उत्तर आलं, ‘सिस्टमला सांगा, विनंतीतला वि ऱ्हस्व.’

मी लिहिलं, ‘सिस्टम माफी मागत आहे.’

‘माफी नको. दहा वेळा लिहायला सांगा.’

सिस्टमने लिहिलं! काकूंचे डोळे एवढे चांगले असताना तपासायचे कशाला, असा प्रश्न प्रशांतला पडला.

*

माणसं कमी पडायची, म्हणून प्रशांतही जायचा. एकदा कारखान्यातून रिटायर झालेल्या नानांबरोबर तो बँकेत गेला. नानांचा मुलगा परदेशात.

काउंटरवरच्या बाई कौतुकाने म्हणाल्या, “नाना, मुलगा आला वाटतं!”

“छे छे,” नाना मोठ्याने म्हणाले, “हा मोबाईलवरून मागवलाय. नाही आवडला तर परत करता येतो!”

सगळी रांग हसली. प्रशांतचे कान लाल झाले. पण त्या रांगेतल्या सात जणांनी नंबर लिहून घेतला. त्या संध्याकाळी प्रशांतने पहिल्यांदा आईला स्वतःहून फोन केला.

*

काम झालं की आम्ही फोन करून विचारायचो, “पाचपैकी किती स्टार द्याल?”

वांगणीकडच्या एका आजींकडे आमची नेहा गेली होती. आजी म्हणाल्या, “स्टार कशाला? पोरगी गुनाची हाय. लगीन झालाय का तिचा?”

असे तीन फोन झाल्यावर प्रशांतने फीडबॅकच्या तक्त्यात नवा रकाना घातला: ‘स्थळ’.

*

आणि बदलापूर गावातले ते आजोबा! फोनवर एवढंच म्हणाले, “मंगळवारी अकराला दवाखान्यात एक मानूस पायजे.”

मी गेले. आजोबा ठणठणीत. म्हटलं, “केसपेपर कुठाय?”

“माझा नाय.” त्यांनी बाकड्यावर एकट्याच बसलेल्या दुसऱ्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं. “तो माझा धाकटा भाऊस. बांधावरनं भांडलो, बारा वर्सं बोलत नाय. आज त्याचा छातीचा रिपोर्ट हाय. तू त्याच्यासंगं जा. मी पाठवला असा सांगू नको.”

आणि ते खांबामागे जाऊन बसले.

मी धाकट्या आजोबांशेजारी बसले. म्हटलं, “आमची संस्था आहे, सोबत करते.” त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि रिपोर्टची पिशवी माझ्याकडे दिली. आत जाताना माझा हात घट्ट धरला. डॉक्टर म्हणाले, “घाबरायचं कारण नाही. गोळ्या घ्या, बरे व्हाल.”

बाहेर आल्यावर त्यांनी चपला घातल्या, टोपी सारखी केली आणि समोर बघतच मला म्हणाले,

“तो खांबामागं बसलाय ना, त्याला जाऊन सांग, डाक्टर बोलला, काय नाय. आन मी सांगितला असा सांगू नको!”