दुकानातला फटका

गोल्फच्या दुकानात जाळीसमोर उभे राहून हे नवी हायब्रिड स्टिक मारून बघत होते. लांबच्या फटक्याची जुनी लोखंडी स्टिक आता यांना झेपत नाही. ही म्हणे चेंडू सहज उचलते.

"नेहमीसारखाच मारा, साहेब," दुकानदार म्हणाला.

यांनी पोट आत ओढलं आणि असा फटका मारला की मीच दचकले. तो दुखऱ्या खांद्याचा नव्हताच. मी ज्याच्याशी लग्न केलं त्या माणसाचा होता. जाळीशेजारच्या पडद्यावर फटक्याचा वेग बघून दुकानदाराने वेगवान हातासाठीची, ताठ दांड्याची स्टिक पुढे केली. मैदानावर यांचा हात किती हळू फिरतो, त्याला लवचीक दांडाच हवा, हे मला ठाऊक होतं. पण सांगणार कसं? डॉक्टरांसमोरही आपण बरे असल्यासारखे बसतो. कुणी माप घ्यायला आलं की आपल्या जागी जुन्या आपल्यालाच उभं करतो आणि त्याच्या मापाचं घेऊन घरी येतो.

"कशी वाटली?" यांनी घाम पुसत विचारलं.

"छान," मी म्हटलं.

घरी डिकीतून नव्या स्टिकसकट गोल्फची पिशवी काढताना यांचा हात अर्ध्यावरच थांबला. मी दुसरा पट्टा धरला. जिनाभर हे त्या फटक्याबद्दलच बोलत होते.