सहामाही आढावा आणि कौसामायचे दात

बचत गटात पैसे सावकाश साचतात, किस्से मात्र भराभर. पैशांना निदान महिन्याची एक तारीख तरी असते. किस्से कधीही येतात आणि त्यांची पावती कोणी मागत नाही. मी आमच्या गटाची सचिव. दहावी झाले म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं. हिशेब लिहिते, पण मीटिंगमध्ये बायका जे बोलतात त्यासाठी रकानाच नसतो, म्हणून ते डोक्यात राहतं. यावर्षीच्या सहामाही आढाव्यानं तर डोकं भरूनच गेलं. त्यातलं अर्धं मला अजून समजलेलं नाही. जेवढं समजलं तेवढं सांगते.

*

सुरुवात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला झाली. आमचं गाव दारव्हा तालुक्यातलं. यवतमाळहून प्रशिक्षणाच्या मॅडम आल्या होत्या. वयानं आमच्या मुलीसारख्या, बोलायला गोड. म्हणाल्या, "प्रत्येकीनं या वर्षाची दोन उद्दिष्टं ठरवायची. एक पैशाचं आणि एक स्वतःचं."

शेवंताबाई आमच्या अध्यक्ष. तांड्यावर राहतात. त्यांनी तिकडून हाक मारली की गावातल्या बायका इकडे पदर सावरतात, असा आवाज. त्यांनी विचारलं, "स्वतःचं म्हंजे? पैसा काय शेजारणीचा हाय?"

मॅडमनी समजावलं, की स्वतःचं म्हणजे एखादी सवय लावणं, काही शिकणं, तब्येत सांभाळणं. मग शेवंताबाईंनी सांगितलं, पैशाचं म्हणजे कूलर घ्यायचा आणि स्वतःचं म्हणजे राग कमी करायचा. दुसरं ऐकून सगळ्याच बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्याचाही त्यांना राग आला.

त्यांनीच सगळ्यांना वाण म्हणून मातीचा गल्ला दिला. आमच्या गटात वाण सगळ्याच बायकांना मिळतं, नवरा असो की नसो. ते पहिल्याच वर्षी ठरलं होतं. कौसामायनं गल्ला हातात घेऊन फिरवून पाहिला आणि म्हणाली, "माहं एकच हाय. पैशाचं तेच अन् माहं तेच. मले दात बसवाचे हायेत, हुरड्याच्या आधी."

कौसामाय आमच्यातली सर्वांत म्हातारी. तोंडात एकही दात नाही. नुकताच गटानं शेतात हुरडा केला होता. तिनं आम्हाला गरम कणसं चोळून चोळून खाऊ घातली आणि स्वतः गुळाचा खडा चघळत बसली. तेव्हा कोणाच्या ते लक्षात आलं नव्हतं.

"पोरगं म्हणते, या वयात दात कोणाले दाखवतं?" ती म्हणाली. "म्या म्हटलं, दाखवाले नाही रे बाबू, खाले पाहिजेत."

*

तण काढायच्या मजुरीचे, निंदणाचे दिवस संपत आले आणि मॅडमचा ग्रुपवर मेसेज आला. पुढच्या शुक्रवारी सहामाही आढावा, सर्वांनी तयारीनं यावं.

रंजना आमच्यातली सर्वांत लहान. धावतच माझ्याकडे आली. "ताई, सहामाही म्हणजे पेपर राहते काय?"

मी म्हटलं, पेपर नसावा. पण खात्रीनं सांगता येईना, कारण 'तयारी' हा शब्द मीही पेपरच्या वेळीच ऐकलेला. शेवटी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "काही नाही हो ताई, अर्ध्या वर्षात उद्दिष्टाच्या किती जवळ आलो ते फक्त पाहायचं."

फोन ठेवला आणि मग मला खरी अडचण समजली. गल्ला मातीचा. वर पैसे टाकायची फट, बाकी सगळीकडून बंद. किती जमलं ते पाहायचं तर फोडावा लागेल. फोडला तर डिसेंबरपर्यंत जमवायचं कशात? आणि फोडला नाही तर आढावा कशाचा?

शेवंताबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "वाण देताना मले कोणी सांगतलं होतं काय, मधातच पाहा लागते म्हणून?"

*

रंजनानं यावर युक्ती काढली. गल्ला पिशवीत घालून किराणा दुकानात गेली आणि काट्यावर ठेवला. दुकानदारानं विचारलं, "काय हाय यात? तूर का हरभरा?"

वजन तर आलं, पण रिकाम्या गल्ल्याचं वजन जानेवारीत कोणी केलेलंच नव्हतं. मग ती बाजाराच्या दिवशी दारव्ह्याला जाऊन कुंभाराकडून तसाच रिकामा गल्ला घेऊन आली. तो भरलेल्या गल्ल्याहून जड भरला. माती जाड होती.

त्यात माझी सचिव म्हणून एक शंका. नोटेला वजन नसतं. जिनं नोटा टाकल्या तिचा गल्ला हलका आणि जिनं चिल्लर टाकली तिचा जड. शेवंताबाई म्हणाल्या, "म्हंजे ज्याचा हलका तो श्रीमंत."

 नवीन गल्ल्याचे पैसे आणि पेट्रोल बचतीत धरावं की खर्चात, हे रंजनानं मला विचारलं. मी म्हटलं, मॅडमना विचारू. मॅडमना विचारायच्या गोष्टी फार वाढत चालल्या होत्या.

*

रंजनाचं स्वतःचं उद्दिष्ट होतं स्कूटी शिकणं. तिला गाडी सरळ चालवता येते, पण वळवायची म्हटलं की हात आखडतात. गावापासून दारव्ह्याचा रस्ता सरळ आहे. ती सकाळी स्कूटीनं एकटी जाते, काम करते आणि नवऱ्याला फोन लावते. तो काळीपिवळी जीपनं तिथं जातो, गाडी वळवतो आणि तिला मागे बसवून घेऊन येतो.

"अर्धं झालं म्हणायचं का?" मी विचारलं.

"हो ताई. जाणं झालं, येणं बाकी हाय."

*

माझं सांगायलाही हवं. माझं उद्दिष्ट होतं, रोज अर्धा तास स्वतःसाठी काढायचा. मॅडमच म्हणाल्या होत्या, की त्या वेळात काहीच करायचं नाही. मी मनापासून ते पाळलं. संध्याकाळी अंगणात खाट टाकायची आणि बसायचं.

पहिल्या दिवशी आमचे हे येऊन उभे राहिले. "डोकं दुखून राह्यलं काय?" म्हटलं, नाही. "मंग कंबर?" म्हटलं, नाही, नुसती बसले आहे. मग त्यांनी आत जाऊन स्वतःच चहा मांडला. लग्नानंतर पहिल्यांदाच. साखर कुठे आहे, हे विचारायला मात्र चारदा बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी शेजारीण आली. तिला वाटलं, आमचं भांडण झालं. ती समजूत घालायला बसली. तिला पाहून दुसरी आली. हळूहळू अशी सवय पडली, की गावात कोणाला काही सांगायचं असलं की, "नलूताई संध्याकाळी रिकामी असते," म्हणून सगळ्या माझ्याच खाटेवर.

अर्धा तास तर मी रोज काढला. तो माझ्यासाठी होता का, हे काही मला ठरवता येईना.

*

शुक्रवारी मॅडम आल्या. आमच्या ओसरीवर मीटिंग. सगळ्या आपापला गल्ला मांडीवर घेऊन बसल्या, लेकरू घेऊन बसावं तशा. मॅडमनी भिंतीवर मोठा कागद लावला. त्यावर तीन रकाने होते, झालं, अर्धं आणि नाही. बहुतेक जणींनी 'अर्धं' सांगितलं. वर्ष अर्धं झालं आहे, तर उत्तरही तेच असणार, असं त्यांचं म्हणणं.

शेवंताबाईंच्या रागाची पाळी आली. मॅडमनी विचारलं, "कमी झाला का?"

त्यांना सोडायला आलेले यजमान बाहेर चपला घालत होते. शेवंताबाईंनी त्यांनाच विचारलं, "सांगा हो, झाला का कमी?"

ते फार सरळ माणूस. म्हणाले, "राग तेवढाच हाय मॅडम. पण आता आधी सांगून करते. तेवढ्यात आम्ही वावरात निघून जातो."

मॅडमनी 'अर्धं'च्या खाली खूण केली. म्हणाल्या, "पुढच्या वेळी राग आला की दहापर्यंत मोजा."

*

मग कौसामाय. तिचा गल्ला माझ्याच घरी असायचा. "माह्या घरी ठेवला तं कोणाले ना कोणाले नड पडते," असं म्हणून तिनंच आणून दिला होता. तिनं विचारलं, "फोडू का?"

मॅडम म्हणाल्या, "माय, घाई नको. अजून अर्धं वर्ष आहे."

"तुमचं असंन. माहं नाही." कौसामाय शांतपणे बोलत होती. "निंदण संपलं. कापूस वेचाले आता माही कंबर चालत नाही. यात आता काही पडणार नाही. अन् दातांचा डॉक्टर म्हणते, माप घ्याले खूपदा या लागते. हुरड्याले पाहिजेत तं आतापासून या. मंग माहा अर्धा काय अन् पुरा काय?"

 मॅडम माझ्याकडे पाहू लागल्या, मी त्यांच्याकडे.

कौसामायनं ओसरीच्या पायरीवर गल्ला ठेवला आणि वरवंट्यानं हळूच टोला दिला, बदाम फोडावा तसा. आम्ही मोजले. डॉक्टरांनी सांगितले होते त्याच्या अर्ध्याच्या आसपास भरले.

 कौसामायच म्हणाली, "बरोबर तं हाय. सहामाही हाय ना, अर्धेच निघणार." मग तिनं मला विचारलं, "नलू, डॉक्टर नुसते वरचे दात देईन का वं?"

तेवढ्यात शेवंताबाई उठल्या. "मॅडम, मले राग येऊन राह्यला. सांगून ठेवतो."

मॅडम घाईनं म्हणाल्या, "शेवंताबाई, दहापर्यंत."

शेवंताबाईंनी मोठ्यानं दहापर्यंत मोजलं. बाहेर त्यांच्या यजमानांनी वावराकडे पाय उचलला. "दहा झाले मॅडम. तेवढाच हाय." असं म्हणून त्यांनी स्वतःचा गल्ला उचलला आणि त्याच पायरीवर आपटला.

खापऱ्या, नोटा, चिल्लर सगळं कौसामायच्या पैशांत मिसळलं. "आता कोणाचे कोणते ते निवडा," शेवंताबाई म्हणाल्या आणि खाली बसून पानाची डबी उघडली.

"अवं शेवंते, तुहा कूलर?" कौसामाय म्हणाली.

"उन्हाळा गेला ना माय. मले तं थंडीच वाजून राह्यली."

मॅडम मार्कर हातात धरून कागदासमोर उभ्या होत्या. एकीचं झालं म्हणावं तर अजून दात नाहीत, दुसरीचं नाही म्हणावं तर राग कमी झाला की वाढला ते कळेना. त्यांनी मला हळूच विचारलं, "ताई, काय लिहू?" मी म्हटलं, दोघींचं मिळून अर्धं लिहा. त्यांनी ते लिहिलं. बरोबर आहे की नाही ते मला आजही माहीत नाही.

*

दातांसाठी मी आणि कौसामाय खूपदा दारव्ह्याला गेलो. जाताना एकदा रंजनाच्या स्कूटीवरही बसलो. शेवटच्या खेपेला डॉक्टरांनी दात बसवले, आरसा दिला, भिजवलेले फुटाणे खाऊन दाखवायला सांगितले. कौसामायनं खाल्ले. डॉक्टर म्हणाले, "आता रोज लावायचे आजी, म्हणजे सवय होईल."

पुढच्या मीटिंगला मॅडम मुद्दाम यवतमाळहून पेढे घेऊन आल्या. सगळ्या बायका कौसामायकडे पाहत होत्या. ती येऊन बसली. तोंड होतं तसंच, पोकळ.

मॅडमचा चेहरा उतरला. "माय, दात कुठे आहेत? बसले नाहीत का?"

"बसले तं. मस्त बसले." कौसामायनं कंबरेची पिशवी काढली. पिशवीत रुमाल, रुमालात प्लास्टिकची डबी आणि डबीत दात. वरचे, खालचे, पांढरेशुभ्र. तिनं डबी सगळ्यांसमोर एकदा फिरवली, प्रसाद दाखवावा तशी, आणि पुन्हा झाकण लावलं.

"मंग लावत काहून नाही?" शेवंताबाईंनी विचारलं. आवाज चढायला लागला होता.

कौसामायनं पेढा उचलला, हिरड्यांखाली धरला आणि म्हणाली, "हुरडा आला का लावीन. नवं लुगडं कोणी रोज नेसते काय?"

शेवंताबाईंनी मोजायला सुरुवात केली.